टील गेला, क्रोशे आला, ब्रेगमन आला.. आता डेव्हर्सला बसवायचं कुठे? (रेड सॉक्स २०२५)

वूस्टरकर | १६ मार्च २०२५

मंडळी, आपल्या बॉस्टन रेड सॉक्सच्या बेसबॉल सीझनच्या पहिल्या मॅचला, म्हणजे ओपनिंग डेला, अकराच दिवस उरलेत (२७ मार्च, टेक्ससला) आणि मागच्या धाग्यात सगळ्याची खिचडी झालीये म्हणून हा नवीन धागा काढतोय. इथे फक्त रोस्टरबद्दल, म्हणजे टीममध्ये कोण आणि कुठे, एवढंच बोलू. स्वस्त तिकिटं आणि पार्किंग तिकडेच विचारा.

आधी माझं म्हणणं सांगतो, मग तुटून पडा. शिकागो व्हाइट सॉक्सकडून ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, क्रोशे घेतला ते बरोबर केलं. चार पोरं गेली, टील, माँटगोमरी, माइड्रॉथ आणि विकेलमन गोंझालेझ, किंमत मोठीच आहे, पण आपण तीन वर्षं काय करत होतो? ७८ जिंकल्या, परत ७८ जिंकल्या, मग ८१. पिचर आणा पिचर आणा म्हणून मालकांच्या नावाने बोटं मोडत होतो ना, आता आणलाय तर रडायचं नाही. थर्ड बेसपाशी फील्डिंग करणारा ब्रेगमन घेतला तेही बरोबर. तीन वर्षांचे १२ कोटी डॉलर, तेही माझ्या खिशातून जात नाहीयेत.

पण डेव्हर्सशी जे केलं ते मला अजिबात पटलेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत त्याला दहा वर्षांचं ३१ कोटी ३५ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि दोन वर्षांत त्याच्याच जागेवर दुसरा माणूस आणून उभा केला. फेब्रुवारीत कॅम्पला आला तेव्हा तो सरळ म्हणाला की थर्ड बेस ही माझी जागा आहे. आता नरमलाय, टीमला हवं ते करतो म्हणतोय आणि डीएच (फील्डिंग न करता नुसती बॅटिंग करणारा) म्हणून खेळतोयही. म्हणजे घरातल्या थोरल्याला न विचारता त्याची खोली पाहुण्याला द्यायची आणि वर म्हणायचं अरे तुला काय, तुला हॉलमध्येपण झोप लागते.

एक खासगी दुःख. गेल्या ऑगस्टमध्ये लेकीला घेऊन पोलर पार्कला (वूस्टरमधलं, आपल्या एक पायरी खालच्या ट्रिपल-ए टीमचं मैदान) गेलो होतो, कॅचर टील नुकताच वूस्टरला वर आला होता. मॅचआधी त्याने तिच्या बॉलवर सही केली. तो बॉल दह्याच्या रिकाम्या डब्यात, टिश्यू पेपरात गुंडाळून शेल्फवर ठेवलेला आहे. ११ डिसेंबरला संध्याकाळी ट्रेडची बातमी आली तेव्हा ती विचारते, "बाबा, त्याला विचारलं का कोणी?" आता काय सांगू तिला.

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १६ मार्च

त्याला नाहीच विचारत. ट्रेडमध्ये नाही म्हणायचा हक्क मिळायला लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये काढावी लागतात, किंवा कॉन्ट्रॅक्टमध्येच तसं कलम लिहून घ्यावं लागतं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला फोन येतो, अमुक गावाला बॅग घेऊन जा. आपल्याकडे शिक्षकांच्या बदल्या व्हायच्या तसं.

बाकी तुझ्या मूळ मुद्द्याशी असहमत. टीम म्हणजे घर नाही रे. थोरला धाकटा काही नसतं. ज्याचा ग्लोव्ह चांगला तो थर्ड बेसला. ब्रेगमनला गेल्याच वर्षी गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) मिळालंय आणि डेव्हर्स, माझा लाडका असूनही सांगतो, एरर्सच्या यादीत दरवर्षी वरच्या नंबरात असतो. बॅट सोन्याची आणि हात लोण्याचे.

----

पिनस्ट्राइप_पुणेकर | १६ मार्च

मी यांकीवाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या टीमचा, तुमचा जुना वैरी, तरी बोलू का?

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १६ मार्च

नको. पण तू बोलणारच.

----

पिनस्ट्राइप_पुणेकर | १६ मार्च

हाहाहा. तर ऐका. २००४ च्या फेब्रुवारीत ए-रॉड आमच्याकडे आला. तेव्हा तो लीगमधला सगळ्यात भारी शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर), लागोपाठ दोन गोल्ड ग्लव्ह घेतलेली, आणि आमच्याकडे शॉर्टस्टॉपला जीटर. मग कोण सरकलं? ए-रॉड सरकला, थर्ड बेसला गेला. तो नवीन आलेला, जीटर कॅप्टन, विषय संपला, पेपरात एक दिवस चर्चा आणि कामाला लागले. तुमच्याकडे नवीन आलेला ऐटीत थर्ड बेसला आणि घरचा माणूस बाकावर बॅट घेऊन बसलेला. यालाच संस्कार म्हणतात :)

----

आकडेमोड | १६ मार्च

पुणेकर, उदाहरण छान आहे पण तुमच्याच विरोधात जातंय. ए-रॉड जीटरपेक्षा चांगला शॉर्टस्टॉप होता हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही घरातली शांतता राखली आणि इनफील्डच्या सगळ्यात अवघड जागेवर कमी चांगला माणूस वर्षानुवर्षं ठेवलात. तोच संस्कार आम्ही करावा असं म्हणणं आहे का?

----

पिनस्ट्राइप_पुणेकर | १६ मार्च

२००९ ला आम्ही त्याच दोघांना घेऊन वर्ल्ड सीरीज जिंकलो ताई.

----

आकडेमोड | १६ मार्च

मधल्या पाच वर्षांत काय काय झालं तेही सांगा ना. विशेषतः २००४ च्या ऑक्टोबरमध्ये.

----

नवीनच_आलेय | १७ मार्च

नमस्कार, मी सप्टेंबरमध्ये बॉस्टनला आलेय शिकायला, बेसबॉल अजून अर्धाच कळतो, पण हा धागा वाचून मला सारखी मुंबई इंडियन्सची आठवण येतेय. २०२३ च्या शेवटी हार्दिकला गुजरातकडून ट्रेडमध्ये परत आणला आणि रोहितला बाजूला करून कॅप्टन केला, मग पुढचा अख्खा सीझन वानखेडेवरसुद्धा लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली आणि टीम शेवटच्या नंबरावर. माझा भाऊ तर टीव्ही बंद करून गच्चीत जाऊन बसायचा. तसं ब्रेगमनचं होईल का?

आणि अजून एक, मागच्या धाग्यात सगळे म्हणतायत कॅम्पबेल या नव्या पोराला "वर आणा" नाहीतर "खाली ठेवा", तर तो चांगला असेल तर खाली का ठेवायचा? साधा प्रश्न आहे, हसू नका प्लीज.

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १७ मार्च

हसत नाही, चांगला प्रश्न आहे. ब्रेगमनला हुर्यो नाही मिळायची, कारण त्याला फेनवेत, आपल्या बॉस्टनच्या मैदानात, मारता येतं. लेफ्ट फील्डला ती ३७ फुटी हिरवी भिंत, फाउल पोलपाशी जेमतेम ३१० फुटांवर, आणि हा पठ्ठ्या उजव्या हाताने ओढून मारणारा. पाहुणा म्हणून येऊन इथे ३७५ च्या सरासरीने (म्हणजे हजारात ३७५ हिट्स) धुतलंय त्याने आपल्याला. पहिले दोन बॉल भिंतीवर आपटले की पब्लिक त्याच्या जुन्या टीमचं, अॅस्ट्रोजचं, २०१७ चं कचऱ्याचे डबे बडवणं (समोरच्यांच्या खुणा चोरून बॅटरला कळवायचे) पण विसरेल. तसंही त्या टीमचा बेंच कोच आपलाच मॅनेजर कोरा होता, तेव्हा आपण कुठल्या तोंडाने बोलणार.

कॅम्पबेलचं आकडेमोड सांगतील, मला त्या नियमांचा कंटाळा येतो.

----

आकडेमोड | १७ मार्च

सांगते, लांबेल.

मेजर लीगच्या रोस्टरवर २६ जण, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. त्याच्याबाहेर ४० जणांची मोठी यादी असते. त्या चाळीसातल्या माणसाला सीझनमध्ये वर-खाली करता येतं, पण साधारण तीन सीझनच, त्याला ऑप्शन्स म्हणतात. ऑप्शन्स संपले की खाली पाठवायच्या आधी बाकीच्या २९ टीम्सना विचारावं लागतं, कोणाला हवाय का. म्हणून स्प्रिंगच्या (सीझनआधीच्या सराव मॅचेसच्या) शेवटी असं होतं की ज्याने चांगलं खेळून दाखवलं तो वूस्टरला जातो आणि ज्याचे ऑप्शन्स संपलेत तो राहतो, आणि मग इथे आपण डोकं आपटतो.

आता कॅम्पबेल. एका सीझनमध्ये १८६-१८७ दिवस असतात, त्यातले १७२ दिवस वर काढले की एक वर्षाची सर्व्हिस धरतात. सहा वर्षं भरली की माणूस मोकळा, फ्री एजंट. म्हणजे पोराला सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे "थोडा सराव करू दे" म्हणून खाली ठेवलं की पहिलं वर्ष धरलंच जात नाही आणि टीमला सातवं वर्ष फुकटात मिळतं. हंगामी कामगाराला बरोब्बर कायम होण्याच्या तोंडावर ब्रेक देतात ना, तेच. हे थांबवायला २०२२ च्या करारात एक आमिष ठेवलंय, नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला (होतकरू पोराला) पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) वगैरे झाला तर टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडतात तिथे, एक जादा पिक.

कॅम्पबेल २०२३ चा चौथ्या राउंडचा पिक, कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मागच्या वर्षी हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या खालच्या तिन्ही पायऱ्या करून ३३० ची सरासरी, २० होमर (आपल्या सिक्सरसारखे), २४ स्टील्स (चोरलेल्या बेसेस). बेसबॉल अमेरिकाने मायनर लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला. पण या स्प्रिंगमध्ये चाचपडतोय बिचारा, आणि तो ४० च्या यादीतही नाही, म्हणजे त्याला घ्यायचा तर आधी कोणाची तरी खुर्ची रिकामी करायला लागेल.

----

वूस्टरकर | १७ मार्च

हे इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं, मी पाच वर्षं नुसतीच मान हलवतोय.

तर मग खरा पेच हा आहे बघा. डेव्हर्स थर्डला राहिला तर ब्रेगमन सेकंडला, कॅम्पबेल वूस्टरला (माझी काही हरकत नाही, घरापासून वीस मिनिटं) आणि डीएचला योशिदा. ब्रेगमन थर्डला गेला तर डेव्हर्स डीएच, सेकंडला कॅम्पबेल, आणि योशिदा कुठे? पाच वर्षांचे ९ कोटी त्याला दिलेत, ऑक्टोबरमध्ये खांद्याचं ऑपरेशन झालंय, बॉल धड फेकता येत नाहीये म्हणजे फील्डलाही नाही. ब्रेगमन आला एक आणि हलले तिघं.

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १७ मार्च

आणि फर्स्ट बेसवाला कॅसास? त्याला सिएटलला देणार देणार म्हणून हिवाळाभर बातम्या. तो गेला असता तर डेव्हर्सला फर्स्ट बेस शिकवता आली असती. आता तो आहे, राहू दे, मोठे होमर मारतो. नेल पॉलिशही छान असतं त्याचं, आमची ही नेहमी शेड विचारते.

----

शिकागोचा_सातारकर | १८ मार्च

राम राम. व्हाइट सॉक्सवाला आहे मी. हो, तेच. गेल्या वर्षी १२१ हरलेले. आधुनिक काळातला रेकॉर्ड आमच्या नावावर, एवढं तरी आहे.

तुम्ही लोक चार पोरं गेली म्हणून गळा काढताय म्हणून राहवलं नाही. क्रोशे गेला तेव्हा आमच्याकडे बघण्यासारखं काही उरलं नाही राव. गेल्या वर्षी १४६ इनिंग्जमध्ये २०९ स्ट्राइकआउट्स (बॅटरला बॉल टाकूनच बाद करणं), आणि रेकॉर्ड ६-१२ (६ जिंकल्या, १२ हरल्या), कारण मागे बॅटिंग करायला कोणी नाही. पण एक जपून सांगतो. २०२४ च्या आधी त्याने मेजर लीगमध्ये एकसुद्धा मॅच स्टार्ट केली नव्हती, सगळी बुलपेनमधली, म्हणजे मधेच येऊन टाकायची, कामं. २०२२ ला टॉमी जॉन (कोपराचं ऑपरेशन) झालंय. जुलैनंतर आमच्या लोकांनी त्याला चार-चार इनिंग्जमध्येच काढला, हात जपायला. म्हणजे एस (टीमचा एक नंबरचा पिचर) म्हणून पूर्ण सीझन १८०-२०० इनिंग्ज ओढल्या आहेत का? नाही. तुमच्याकडे दोनच वर्षं आहे तो, २५ आणि २६. पुढचं कॉन्ट्रॅक्ट लवकर करून टाका, नाहीतर चार पोरं देऊन दोन वर्षांचं भाडं भरल्यासारखं होईल.

टील सांभाळू आम्ही. कॅचर पाहिजेच होता.

----

पिनस्ट्राइप_पुणेकर | १८ मार्च

सातारकर बरोबर बोलले. पिचरचा हात म्हणजे काचेचं भांडं. आमचा एस कोल बघा, गेल्या आठवड्यात टॉमी जॉन, अख्खं वर्ष गेलं. आमचा सोटो ७६ कोटी ५० लाखांना मेट्सकडे गेला म्हणून आम्ही तेच पैसे फिरवले, फ्रीडला २१ कोटी ८० लाख, बेलिंजर, गोल्डश्मिट, डेविन विल्यम्स, म्हटलं चार ठिकाणी वाटून ठेवू. आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच एस गेला. आता फ्रीडच एस. हिशेब कागदावर लय भारी दिसत होता.

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १८ मार्च

कोलबद्दल मनापासून वाईट वाटलं. हे खरं बोलतोय.

----

वूस्टरकर | १८ मार्च

दोन वर्षांचं भाडं, हा शब्द लागला. कारण आपला इतिहास काय सांगतो? मूकी बेट्स, फेब्रुवारी २०२०. एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), फेनवेत वाढलेला, पैसे देववत नाहीत म्हणून डॉजर्सना दिला, सोबत पिचर प्राइसपण, आणि मिळालं काय तर व्हर्डुगो, डाउन्स आणि वाँग. त्यातला आज फक्त वाँग उरलाय. मूकीने त्याच जुलैमध्ये तिकडे ३६ कोटी ५० लाखांची सही केली आणि २०२० आणि २०२४ अशा वर्ल्ड सीरीज जिंकल्याच्या दोन रिंगा घेतल्या. मग पिचर ख्रिस सेल, हा मोडका झाला म्हणून १ कोटी ७० लाख डॉलर पदरचे घालून अटलांटाला दिला, ग्रिसम घेतला. सेलने पुढच्याच सीझनला १८-३ करून साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) नेलं आणि ग्रिसम आपल्याकडे ३१ मॅच खेळला. दुधाने तोंड पोळलंय दादरकर, म्हणून ताक फुंकून पितोय.

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १९ मार्च

मूकीचं नाव काढलंस की मी गप्प बसतो हे तुला माहितीये, म्हणून काढलंस. ठीके.

मग मी नोमारचं सांगतो. तू तेव्हा इथे नव्हतास, मी होतो. नोमार गार्सियापारा म्हणजे त्या वेळचा बॉस्टनचा देव. शाळेतली पोरं त्याच्यासारखं ग्लोव्ह चिमटत, बुटाची टोकं आपटत बॅटिंगला उभी राहायची, पार्कात माझा पोरगापण. ३१ जुलै २००४, ट्रेड डेडलाइन, नोमार शिकागो कब्सला. बदल्यात कॅब्रेरा आणि मिंटकेविच, दोघंही ग्लोव्हवाले, बॅट बेताची. मी ऑफिसात होतो, आमच्या मजल्यावर कोणी कामच करेना. एकजण टोपी कचऱ्यात टाकून आला. का दिला तर डिफेन्स गळतोय म्हणून. त्याच दिवशी अजून एक छोटा ट्रेड झाला, डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक पळणारा माणूस आला, त्याची कोणी दखलही घेतली नाही.

ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे, चौथ्या मॅचच्या नवव्या इनिंगला एका रनने मागे, आणि त्या पळणाऱ्या माणसाने सेकंड बेस चोरली. पुढचं पुणेकरांना विचारा. ८६ वर्षांनी वर्ल्ड सीरीज आली. टोपी टाकणारा कचऱ्याच्या डब्यापर्यंत परत गेला होता म्हणे, पण मिळाली नाही.

म्हणून म्हणतो, ग्लोव्हसाठी लाडक्याला हलवणं नेहमी चूकच असतं असं नाही.

----

वूस्टरकर | १९ मार्च

थांबा थांबा, नोमारची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो जुलैमध्ये अचानक नाही गेला. डिसेंबर २००३ ला ए-रॉडला आणायचा घाट घातला होता तेव्हा त्यात नोमारला व्हाइट सॉक्सला द्यायचं ठरत होतं. खेळाडूंच्या युनियनने ए-रॉडचा पगार कापायला नकार दिला आणि सगळं फिसकटलं. नोमारला समजलं की हे लोक आपल्याला विकायला निघाले होते आणि आता परत यायचं याच क्लबहाउसमध्ये हसत हसत. तो जो तेव्हा रुसला तो रुसलाच, आणि जुलैपर्यंत प्रकरण इतकं आंबलं की द्यायलाच लागला.

माझा मुद्दा हाच आहे ओ. ब्रेगमन थर्डला असावा, मान्य. आकडे मान्य, ग्लोव्ह मान्य. पण ब्रेगमनची सही व्हायच्या आधी कोराने किंवा टीम बांधणाऱ्या ब्रेस्लोने डेव्हर्सला समोर बसवून म्हणायला हवं होतं, राफी, असं असं करतोय, तुझी बॅट आम्हाला हवीये, तुझं काय म्हणणं? पण फेब्रुवारीत कॅम्पच्या दारात उभा राहून तो जे बोलला त्यावरून असं काही बोलणं झालं असेल असं वाटत नाही. ब्रेस्लो येलमध्ये मॉलिक्युलर बायोफिजिक्स शिकलेला माणूस, त्याला स्पिन रेट सगळे पाठ असतील. माणसाला चहाला बोलवायला त्यातलं काही लागत नाही.

----

आकडेमोड | १९ मार्च

नोमारचा युनियनवाला भाग मी विसरले होते. हं. हा मुद्दा मान्य करावा लागतोय.

डीएच हे नुसतं "बस आणि मार" नाही हेही खरंय. फील्डला उभं राहणाऱ्या माणसाचं शरीर गरम असतं, डोकं गुंतलेलं असतं. डीएच वीस-पंचवीस मिनिटं बाकावर, मग एकदम उठून ९७ मैलाच्या बॉलसमोर. काहीजणांना महिना-दोन महिने जातात जमायला. एप्रिलमध्ये डेव्हर्स सलग स्ट्राइकआउट झाला तर इथे कोणी "रुसलाय म्हणून मुद्दाम" असं लिहू नका, आधीच सांगून ठेवते.

----

नवीनच_आलेय | १९ मार्च

मग त्याला अजून हार्दिकसारखं दुसरीकडे जाता येईल का? म्हणजे डेव्हर्सलाच ट्रेड केला तर?

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | १९ मार्च

अगं बाई शुभ बोल. दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, उरलेलं एवढं मोठं ओझं कोण उचलणार. २०१८ ची वर्ल्ड सीरीज जिंकलेल्यांपैकी तोच एक धड उरलाय आपल्याकडे.

----

वूस्टरकर | १९ मार्च

दहा वर्षंही नाही झालेली त्याला लीगमध्ये, जुलै २०१७ ला आलाय. नाही म्हणायचा तो हक्क अजून नाही. मी फक्त नोंद करून ठेवतोय.

----

पिनस्ट्राइप_पुणेकर | २० मार्च

घोडामैदान जवळच आहे. माझ्यातर्फे पैज, डेव्हर्स मेपर्यंत परत थर्डला. हरलो तर एडिसनहून एक किलो चितळेंची बाकरवडी.

----

ग्रीन_मॉन्स्टर_दादरकर | २० मार्च

घेतली. कॅम्पबेल पहिल्या दिवसापासून सेकंडला, ब्रेगमन थर्डला, डेव्हर्स डीएच, योशिदा इंज्युअर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत). आणि बाकरवडी एक्सपायरी डेट बघून पाठव, मागच्या वेळेचं लक्षात आहे.

----

शिकागोचा_सातारकर | २० मार्च

वूस्टरकर, एक विचारायचं राहिलं. पेट्रियट्स डेच्या वेळेला, एप्रिलमध्ये, आमची टीम फेनवेला येतेय. लेकीला तो बॉल घेऊन आणा की. सही करणारा भेटेल परत.

----

वूस्टरकर | २० मार्च

तिला तेच सांगितलं होतं मी, उड्या मारत होती. मग काल तिनेच शोधून काढलं, टीलला तुम्ही लोक सुरुवातीला शार्लटला ठेवणार असं दिसतंय, ट्रिपल-ए ला. आता विचारतेय शार्लट गाडीने किती तास. तेरा-चौदा तरी.

----

शिकागोचा_सातारकर | २० मार्च

अरारा. मग असं करा, यंदा उन्हाळ्यात शिकागोला या. तोवर वर येईल तो. तिकिटाची काळजी नको, आमच्याकडे सगळ्याच रांगा रिकाम्या असतात.